एक लिटर आधण कितीला पडते?

माहुली, आजोबा, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. शहापूर आणि मुरबाडच्या या वाटांवर मुक्कामाला जाणाऱ्यांच्या पाठपिशवीत आता गॅसचा छोटा स्टोव्ह असतोच. मग प्रश्न येतो भांड्याचा. टायटॅनियमची किटली, तांब्याच्या बुडाची किटली, बुडाला पातळ पट्ट्या जोडलेली किटली असे बरेच काही बाजारात आहे आणि किमती काही हजारांपर्यंत जातात. माझे मत असे की धातूवर पैसे घालू नयेत. रुंद बूड आणि घट्ट बसणारे झाकण पाहावे, आणि स्टोव्हला वाऱ्यापासून आडोसा करावा. गॅस वाचतो तो इथे.

आधी हिशेब पाहू. २५ अंशांवरचे एक लिटर पाणी उकळायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. गॅसची सगळी उष्णता पाण्यात गेली, तर सुमारे ७ ग्रॅम गॅस पुरेल. पण तसे कधीच होत नाही. आयएसआय चिन्हाच्या घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते; तिच्यावर साधारण १० ग्रॅम जातात. गडावर झाकण आणि आडोसा असेल तर १२ ते १५ ग्रॅम धरा. उघडे भांडे आणि भणाणता वारा असेल, तर २५ ग्रॅमही कमी पडतात.

आता पैसे. समजा २३० ग्रॅमचा डबा २३० रुपयांना मिळाला. म्हणजे ग्रॅमला रुपया, किलोला हजार. घरच्या सिलिंडरमधला गॅस किलोला साठ-सत्तर रुपयांच्या घरात पडतो. गडावरचा गॅस इतका महाग असताना लिटरमागे १२ रुपये जातात की २५, हे झाकणावर आणि वाऱ्यावर ठरते. सहा जणांच्या दोन वेळच्या चहाला आणि एका खिचडीला मिळून चार-पाच लिटर पाणी लागते. नीट उकळले तर एक डबा पुरून उरतो. नाहीतर पुढच्या मुक्कामाला दुसरा डबा घ्यावा लागतो, आणि तो खर्च किटलीच्या नावावर कोणी मांडत नाही.

धातूचे काय? ॲल्युमिनियममधून उष्णता स्टीलपेक्षा दहापटीहून अधिक सहज वाहते, हे खरे. पण पाणी उकळताना अडथळा धातूचा नसतोच. ज्योतीचे गरम वायू आणि बूड यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर असतो, उष्णता तिथे अडते. त्यापुढे पातळ पत्रा कोणत्या धातूचा आहे याने फारसे बिघडत नाही. फरक पडतो तो शिजवताना: पातळ स्टीलच्या बुडाला खिचडी एका जागी करपते, ॲल्युमिनियमच्या बुडात उष्णता पसरते. त्या महागड्या किटल्यांच्या बुडाच्या पट्ट्या मात्र खरेच काम करतात, कारण ज्योतीला भिडणारा पृष्ठभाग त्यांनी वाढतो. तरी हिशेब करा. लिटरमागे ५ ग्रॅम, म्हणजे पाच रुपये वाचले आणि किटली तीन हजारांनी महाग असली, तर पैसे वसूल व्हायला ६०० लिटर पाणी उकळावे लागेल. वर्षातून चार-सहा वेळा गडावर जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, सपाट बुडाचा, दीड लिटरचा टोप घ्या. अशी भांडी वजनावर मिळतात, त्यामुळे भाव विचारताना वजनही करून घ्या. झाकण त्याच टोपाचे असावे. सोबत सांडशी. बूड इतके रुंद हवे की ज्योत त्याच्याखालीच राहील. ती कडेने वर येत असेल तर ती उष्णता पाण्याला मिळत नाही, गॅस बारीक करा. चहाच्या टपरीवरची तोटीची किटली ओतायला सोयीची आहे, पण तिच्यात खिचडी होत नाही. मोठा गट असेल तरच ती न्यावी. जर्मनच्या भांड्यात चिंच-कोकमाचे आंबट मात्र ठेवू नका.

आडोशासाठी दगड रचा किंवा पत्र्याची घडी उभी करा, पण ज्या स्टोव्हचा डबा बर्नरच्या खाली बसतो त्याला चहूबाजूंनी कधीही वेढू नका. डबा तापून फुटू शकतो. डबा शेजारी बसणाऱ्या चपट्या स्टोव्हवर डब्याच्या कप्प्यावर येईल एवढे मोठे भांडे ठेवू नका, धोका तोच. थंडीसाठी महागडा मिश्र गॅसही नको. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासपर्यंत वायू होतो आणि आपल्याकडची डिसेंबरची रात्र तितकी गार नसते.

टाक्यातले पाणी पिण्यासाठी उकळत असाल, तर खळखळून एक मिनिट उकळले की पुरे. माहुली सुमारे साडेआठशे मीटर उंच आहे. तिथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते आणि जंतू मरायला तेवढे पुष्कळ आहे. दहा मिनिटे खदखदत ठेवणे म्हणजे निव्वळ गॅस जाळणे. दहा लिटर पिण्याचे पाणी उकळायला १२०-१५० रुपये जातील, त्यापेक्षा क्लोरीनचे थेंब स्वस्त.

माहुली तानसा अभयारण्यात येते. माघ-फाल्गुनापासून गवत वाळून कोळ झालेले असते, तेव्हा स्टोव्ह उघड्या खडकावरच पेटवा आणि लाकडाची चूल मांडूच नका. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचे शिलालेख आहेत; तिथे आत स्टोव्ह नको.

आणि आसनगाव किंवा कसाऱ्यापर्यंत लोकलने येणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे. रेल्वेत गॅसचा डबा नेणे गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एसटीतही ज्वालाग्राही वस्तूंना मनाई आहे. स्वतःचे वाहन नसेल, तर एक लिटरचा स्टीलचा चांगला थर्मास घ्या, पायथ्याच्या गावात एखाद्या घरी पैसे देऊन तो उकळत्या पाण्याने भरून घ्या आणि स्टोव्ह घरी ठेवा.