विचारून घेतलेलं ताट



दिवाळीच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की हल्ली क्रूझचा विषय निघतोच. मुंबईत बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे जहाजं सुटतात. सिंगापूरच्या सहलीला जोडून मरीना बेहून पेनांग किंवा फुकेतची फेरी करणारी मराठी कुटुंबंही पुष्कळ दिसतात. पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम, चहूकडे समुद्र आणि सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मांडलेलं खाणं. या शेवटच्या गोष्टीपाशी येऊन सीलिअ‍ॅकच्या मुलांचे आईबाप थबकतात. चार दिवस पाण्यावर, हाताशी आपला गॅस नाही, वेगळं दळून आणलेलं ज्वारीचं पीठ नाही, आणि समोर पाव, पास्ता, केकचे डोंगर. मग "नकोच ते, आपण महाबळेश्वरला जाऊ" असं म्हणून विषय मिटतो.

माझी लेक सीलिअ‍ॅकची आहे, म्हणून हक्कानं सांगते, विषय असा मिटवू नका. जहाजावर ग्लूटेनशिवाय नीट जेवता येतं. लग्नाच्या हॉलपेक्षा किंवा हायवेवरच्या ढाब्यापेक्षा तिथे ते सोपं जातं, कारण चारही दिवस स्वयंपाकघर तेच, वाढणारी माणसं तीच, आणि मुलाच्या पथ्याची नोंद त्यांच्याकडे आधीपासून लेखी असते. अडचण बहुतेक वेळा आपल्या बाजूची असते. ती म्हणजे आपली भीड. "एवढ्या लोकांत कुठे सारखं सारखं विचारायचं", "बिचाऱ्यांना किती त्रास द्यायचा", या भिडेपोटी आपण गप्प बसतो आणि मुलाच्या आतड्याला त्याची किंमत मोजावी लागते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी खरं आहे.

आधी दोन शब्द आजाराबद्दल, कारण घरातल्या मोठ्यांना ते पटवावं लागतं. सीलिअ‍ॅक ही आवडनिवड नव्हे, अ‍ॅलर्जीही नव्हे. गहू, सातू म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न अंगी लागत नाही, वाढ खुंटते, रक्त कमी होतं. हे आजकालचं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना हॉलंडची हकिगत सांगा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे अन्नाची भयंकर टंचाई झाली, गव्हाचा पाव मिळेनासा झाला. आणि एरवी जुलाबांनी खंगलेली काही मुलं त्या उपासमारीतही सुधारली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा ढासळली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा आधीपासूनच गव्हावर संशय होता. त्यांनी तो धागा धरून १९५० साली त्यावर प्रबंध सादर केला. आपल्याकडे उत्तर भारतातल्या एका पाहणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, शंभरात साधारण एकाला हा आजार आढळला.

"एका घासानं काय होतंय?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आजीच्या मायेतूनच येतो. त्याला उत्तर हिशोबानं द्या. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही आठवडे पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. एका पोळीत दोन ग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका तुकडासुद्धा रोजचा झाला तर जास्त होतो. म्हणूनच आपल्या देशात ज्या पदार्थावर 'ग्लूटेन फ्री' छापायचं, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हा हिशोब एकदा कळला की चमचा वेगळा का हवा, तवा वेगळा का हवा, हे वेगळं समजावावं लागत नाही.

आता जहाजाकडे वळू. पहिलं काम बुकिंगच्या दिवशीच करायचं. सहल कंपनीच्या माणसाला तोंडी सांगून समाधान मानू नका. जहाज कंपनीकडे आहाराच्या खास गरजांसाठी फॉर्म किंवा ईमेल असतो, त्यावर लेखी कळवा. काही कंपन्यांना महिना-दीड महिना आधी कळवावं लागतं, कारण जहाजावरचा शिधा बंदरातच चढतो, वाटेत मिळत नाही. नुसतं 'ग्लूटेन फ्री' लिहू नका. वजन कमी करायला गहू सोडणारेही तेच लिहितात, आणि त्यांच्या सॅलडवर चुकून पडलेला पावाचा चुरा उचलून टाकला तरी चालतो. तुम्ही 'सीलिअ‍ॅक आजार, चुरादेखील चालत नाही, भांडी आणि तेल वेगळं हवं' असं लिहा. उत्तर आलं की त्याची छापील प्रत जवळ ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठीही घ्या.

खाऊचं काय? बऱ्याच जहाजांवर घरी केलेले पदार्थ नेता येत नाहीत आणि विजेची किटली, राईस कुकर तर नाहीच नाही, आगीच्या भीतीनं ते काढून घेतात. कंपनीचे नियम आधी वाचा. कारखान्यातून सीलबंद आलेली पाकिटं बहुधा चालतात. राजगिऱ्याची चिक्की, भाजलेले मखाणे, शेंगदाण्याची चिक्की, ग्लूटेन फ्री छापलेली बिस्किटं आणि खाकरे हे सामानात असू द्या. राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा ही आपली उपासाची शिदोरी या मुलांसाठी वरदान आहे. फक्त सुटं पीठ घेऊ नका. ज्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळले, तिथून आलेला राजगिराही निर्धोक राहत नाही.

चढल्यावर लगेच, सामान खोलीत ठेवलं की मुख्य जेवणघरात जा आणि हेड वेटरला भेटा. बुफेवर विसंबू नका, निदान मुलाच्या ताटासाठी तरी नाही. तिथे पास्त्याचा डाव भातात जातो, कुणीतरी ब्रेडचे तुकडे सूपवर भुरभुरतो, आणि फ्रेंच फ्राइज त्याच तेलात तळलेल्या असतात ज्यात ब्रेडक्रम्स लावलेलं कटलेट तळलं. मुख्य जेवणघरात बसून जेवायची सोय असते आणि तिथली पद्धत आपल्या फार उपयोगाची आहे. रात्रीच्या जेवणाला हेड वेटर दुसऱ्या दिवसाचा मेनू घेऊन येतो, आपण निवडायचं, आणि आपल्यासाठी वेगळं बनतं. गोड पदार्थही आदल्या रात्रीच सांगून ठेवा. नाहीतर बाकीची मुलं चॉकलेट केक खाताना आपलं मूल कापलेलं कलिंगड खात बसतं, आणि मुलांना ते फार लागतं.

आमच्या क्रूझवरचा एक प्रसंग सांगते. जहाजावर भारतीय जेवणाचा वेगळा विभाग होता. भात, डाळ, भाजी. मला हायसं वाटलं होतं. हेड वेटर गोव्याचा होता. जगभरच्या जहाजांवर गोव्याची माणसं भेटतात, तसाच. त्यानं कोंकणीत लेकीला विचारलं, "बाय, तुका कितें जाय?" त्याच्या यादीत डाळीपुढे ग्लूटेन नसल्याची खूण होती. लेकीनं यादी पाहिली आणि विचारलं, "काका, फोडणीत हिंग घातलाय का? कुठला हिंग?" आजूबाजूच्या टेबलांवरच्या दोघांतिघांनी वळून पाहिलं. माझ्याही मनात आलं की आता पुरे. पण तो माणूस जराही वैतागला नाही. आत गेला आणि हिंगाची डबीच घेऊन बाहेर आला. तिघांनी मिळून बारीक अक्षरं वाचली. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतंच बहुतेक वेळा, आपल्या घरातल्या डबीवरही पाहा. शेफ स्वतः बाहेर आला, त्यानं टेबलाशी उभं राहून तिचं म्हणणं ऐकलं, आणि तिच्यासाठी वेगळ्या पॅनमध्ये जिरं-लसणाची फोडणी देऊन डाळ केली. मग उरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी तो हेड वेटर आमच्याआधी तिच्याकडे यायचा आणि विचारायचा, उद्या काय करायचं. जहाजावर तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली, असं घरी आल्यावर कुणी विचारलं, तर ती त्या काकांचं नाव सांगायची.

यात मला जे समजलं ते तुम्हाला सांगायचं आहे. यादी कितीही चांगली असली तरी ती परक्या स्वयंपाकघराच्या सवयींवर बेतलेली असते. ब्रेड, पास्ता, सॉस त्यात नीट तपासलेले असतात, पण आपल्या फोडणीतला हिंग, भाजणीतले गहू, सांबार मसाल्याच्या डब्यातलं पीठ हे आपल्यालाच आठवायला हवं. सोया सॉसमध्ये गहू असतो, हे चिनी नूडल्सच्या टेबलापाशी आठवायला हवं. नूडल्स तांदळाच्या असल्या तरी सॉस गव्हाचा असतो. कॉर्नफ्लेक्समध्ये आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत बहुधा माल्ट असतं आणि माल्ट सहसा बार्लीचं. दाट सूप मैद्यानं दाटवलेलं असू शकतं. ओट्स 'ग्लूटेन फ्री' छापलेले नसतील तर घेऊ नका, आणि छापलेले असले तरी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

जेवणघराबाहेरही दोन जागी लक्ष ठेवायला हवं. मुलांच्या खेळघरात नाव नोंदवताना आजार लिहाच, कारण तिथे वाढदिवस होतात, पिझ्झे वाटले जातात. आणि लहानग्यांना खेळायला देतात त्या मऊ रंगीत पिठात बहुधा गहू असतो. तो हाताला लागून तोंडात जातो. दुसरं म्हणजे हात. जहाजावर जागोजागी हात चोळायला जेल ठेवलेलं असतं. जेलनं जंतू मरतात, ग्लूटेन जात नाही. साबण-पाण्यानं हात धुवूनच जेवायला बसायचं, हा नियम ठेवा.

बंदरावर उतरताना सीलबंद खाऊ आणि पाणी पाठीवर घ्या. फळं किंवा जेवणघरातलं उघडं अन्न बाहेर न्यायला बऱ्याच देशांत मनाई असते आणि दंडही होतो. पेनांग-फुकेतला रस्त्यावरचं खाणं मोहात पाडतं, पण तिथे भाषेची अडचण असते. 'मला गहू, बार्ली, सोया सॉस चालत नाही' हे मलाय, थाई आणि चिनी भाषेत लिहिलेलं कार्ड छापून मुलाच्या खिशात द्या. उलटी झाली तर ती बोट लागल्यामुळे, चुकून गेलेल्या ग्लूटेनमुळे की जंतुसंसर्गामुळे, हे आपण ठरवू नये. जहाजावर दवाखाना असतो, तिथे सीलिअ‍ॅकचं सांगा, मीठ-साखरेचं पाणी देत राहा. बोट लागण्याची गोळी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, काही गोळ्यांत गव्हाचा स्टार्च असू शकतो.

अजून निदान झालं नसेल पण शंका असेल, तर सहलीच्या निमित्तानं गहू बंद करून पाहू नका. रक्ताची तपासणी आणि गरज लागली तर आतड्याचा तुकडा तपासणं हे गहू खात असतानाच करावं लागतं, नाहीतर निकाल फसवा येतो. आणि एका मुलाला आजार असेल तर भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या. घराण्यात त्याची शक्यता जास्त असते.

आता शेवटची आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट. आपण मुलासाठी विचारत राहिलो की मूल सुरक्षित राहतं खरं, पण फक्त आपण सोबत असेपर्यंत. पुढे ते वसतिगृहात जाईल, नोकरीच्या गावी राहील, लग्न होऊन नव्या घरात जाईल. त्या ताटाशेजारी आपण नसू. तिथे त्याच्या कामी येईल ती विचारायची सवय आणि विचारताना मान खाली न घालण्याची सवय. बाराव्या-तेराव्या वर्षी ही मुलं लाजू लागतात, मित्रांसमोर चुपचाप दोन घास खातात आणि रात्री पोट धरून बसतात. त्या वयाच्या आधी त्यांना अनुभव यायला हवा की मोकळेपणानं विचारलं तर बहुतेक माणसं मदत करतात. जहाजावर हा अनुभव सहज मिळतो, कारण तीच माणसं रोज भेटतात आणि आज विचारलेलं उद्या ताटात दिसतं.

तेव्हा यंदा बुकिंग कराल तर जहाज कंपनीला पाठवायचा तो ईमेल तुम्ही लिहू नका. मुलाला लिहायला बसवा, काय खातो आणि काय खात नाही ते त्याच्याच शब्दांत लिहू द्या, तुम्ही फक्त शुद्धलेखन तपासा. पहिल्या संध्याकाळी हेड वेटरशीही त्यालाच बोलू द्या. मूल अडखळेल, पण तुम्ही मध्ये पडू नका.