गुल्फसंधीतील अस्थी व तरुणास्थी यांचे आघात : निदान व चिकित्सा

पाय मुरगळून आलेला रुग्ण हा वैद्याच्या दृष्टीने सोपा रुग्ण समजला जातो. लेप, पट्टा आणि लाक्षादि गुग्गुळ दिला की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक सुश्रुतांनी गुल्फाची गणना संधिमर्मांत केली असून ते रुजाकर मर्म होय. त्याच्या आघाताने वेदना, स्तब्धपादता अथवा खंजता येते, असे शारीरस्थानात सांगितले आहे. किरकोळ वाटलेल्या लचकीनंतर वर्षभर लंगडणारे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन किती नेमके आहे ते सांगावयास नको.

या संधीतील टेलस हे अस्थी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. त्यास एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा सुमारे ६० टक्के पृष्ठभाग तरुणास्थीने आच्छादलेला असतो. साहजिकच रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास जागा थोडी उरते. टेलसच्या मानेचा भग्न झाल्यास रक्तपुरवठा तुटून अस्थी निर्जीव होण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

सुश्रुतांच्या मते तरुणास्थी वाकतात. परंतु त्यांनी दिलेली स्थाने नाक, कान, ग्रीवा व अक्षिकोश ही आहेत. संधीच्या आतील आच्छादनास हाच नियम जसाच्या तसा लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. ते अनेकदा खालच्या अस्थीच्या कपचीसह तडकते, आणि त्यात रक्तवाहिन्या नसल्याने मूळ स्वरूपात क्वचितच भरून येते.

म्हणून प्रथम निदान. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे तयार झालेले नियम दवाखान्यात सहज वापरता येतात. घोट्याच्या भागात वेदना असून बाहेरील वा आतील घोट्याच्या टोकावर अथवा मागील कडेच्या खालच्या ६ सेंटिमीटर भागात अस्थीवर दाबल्यास दुखत असेल, किंवा इजा झाल्यावर लगेच व तपासणीच्या वेळीही रुग्णास चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. मात्र चित्र निर्दोष आले म्हणजे तरुणास्थी निर्दोष, असे नव्हे. आमच्याकडे आलेल्या एका २४ वर्षांच्या कबड्डीपटूचे चित्र स्वच्छ होते. गावात तीन आठवडे त्यास जोरकस मर्दन झाले होते. सूज उतरली, पण खोल ठणका आणि चालताना अडकल्यासारखे होणे जाईना. एम.आर.आय. केल्यावर टेलसच्या माथ्यावरील कपची दिसली. अशा रुग्णास, तसेच अस्थी सरकलेल्या वा जखम उघडी असलेल्या रुग्णास, विलंब न लावता शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

न सरकलेल्या भग्नात व संधिबंधांच्या इजेत आपली चिकित्सा उत्तम चालते. आरंभी मर्दन व स्वेदन वर्ज्य. मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन व तांदळाचे पीठ शतधौत घृतात कालवून लेप द्यावा आणि न्यग्रोधादि गणाच्या थंड कषायाने सेचन करावे. बंध शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावा, ही सुश्रुतांची योजना आहे. सैल बंधाने संधी स्थिर राहत नाही. घट्ट बंधाने शोथ व वेदना वाढतात. बोटे निळी वा बधिर झाल्यास बंध तत्काळ सोडावा. पोटात लाक्षादि किंवा आभा गुग्गुळ, जोडीला दूध, तूप व मांसरस. लवण, अम्ल, कटु व क्षार टाळावेत. मधल्या वयात संधानास दोन महिने लागतात, वार्धक्यात तीन. रुग्णास हे पहिल्याच दिवशी सांगितल्यास पुढची घाई टळते.

औषधी दुकानदारांसाठी दोन शब्द. लाक्षादि योगासाठी चपडा न घेता काडीवरची कच्ची लाख घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. तसेच ताज्या इजेवर चोळण्यास तेल मागणाऱ्या गिऱ्हाईकास ‘चार पावले टाकता येतात का’ एवढे विचारावे, आणि येत नसल्यास बाटली न देता तपासणीस पाठवावे.