वाचकांची रिबेका

सर वॉल्टर स्कॉट यांची 'आयव्हॅन्हो' ही अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबरी १८१९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. परंतु त्यांतील अनेकांनी, विशेषतः काही स्त्री-वाचकांनी, ग्रंथकर्त्यास एका गोष्टीबद्दल क्षमा केली नाही. नायकाचा विवाह त्याने भलत्याच मुलीशी लावून दिला, ही त्यांची तक्रार होती.

कादंबरीचा काळ ११९४ च्या सुमाराचा आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना वाटेत कैद झाला होता, आणि इकडे त्याचा भाऊ जॉन सिंहासनावर डोळा ठेवून बसला होता. अशा समयी सेड्रिक नावाच्या सॅक्सन सरदाराने आपला पुत्र आयव्हॅन्हो यास घराबाहेर काढले आहे. सेड्रिकने सांभाळलेली रोवेना ही मुलगी आणि आयव्हॅन्हो यांचे परस्परांवर प्रेम. तर तिचा विवाह सॅक्सन राजवंशातील ॲथेलस्टेनशी व्हावा, ही सेड्रिकची महत्त्वाकांक्षा. रोवेना सुंदर आहे, कुलीन आहे, सुशील आहे. एवढे सांगितले की तिच्याविषयी सांगावयाचे फारसे उरत नाही.

रिबेकाचे तसे नाही. ती यॉर्कच्या आयझाक या ज्यू सावकाराची कन्या. आयव्हॅन्होस द्वंद्वासाठी घोडा व चिलखत आयझाकने मिळवून दिले होते. त्याचे पैसे चुकविण्यास सेवक येतो, तेव्हा म्हातारा ऐंशी नाणी मोजून घेतो. परंतु सेवक बाहेर पडण्यापूर्वीच रिबेका त्यास गाठते, शंभर नाण्यांची थैली त्याच्या हाती देते, आणि ऐंशी धन्याची व वीस तुझी असे सांगते. आयव्हॅन्हो घायाळ होतो, तेव्हा त्याची शुश्रूषा करण्यास तीच पुढे होते. किल्ल्यात कोंडली गेली असता ब्वा-गिल्बेर हा उन्मत्त टेम्पलर योद्धा तिच्यावर बळजोरी करू पाहतो. ती तटाच्या कडेवर जाऊन उभी राहते आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलेस तर खाली उडी घेईन, असे त्यास बजावते. किल्ल्यास वेढा पडला असता आयव्हॅन्हो अंथरुणावर तळमळत असतो. रिबेका ढालीच्या आडोशाने खिडकीत उभी राहून बाहेरील लढाई त्यास सांगते. सांगता सांगता तिच्या तोंडून एक प्रश्न निघतो. ह्या साऱ्या रक्तपाताने वीरांस मिळते तरी काय? आयव्हॅन्हो कीर्तीचे नाव घेतो. तिचे समाधान होत नाही. वाचकाचेही होत नाही. आणि नायकापेक्षा नायिका अधिक शहाणी आहे, ही गोष्ट येथेच त्याच्या ध्यानात येते. तीही अशी की जिला ग्रंथकर्त्याने नायिका म्हटलेलेच नाही.

पुढे रिबेकेवर चेटकिणीचा आळ येतो. एक गरीब शेतकरी न्यायासनापुढे आणला जातो. त्याचे अंग लुळे पडले होते. रिबेकेच्या औषधाने तो काठीच्या आधारे चालू लागला, एवढेच तो भीत भीत सांगतो. तिने केलेला हा उपकारच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

स्कॉट यांनी १८३० साली नव्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिली, तेव्हा ह्या तक्रारीस उत्तर दिले. त्यांनी दोन कारणे सांगितली. त्या काळच्या समजुती पाहता असा विवाह जवळजवळ अशक्य होता, हे पहिले. दुसरे असे की, उदात्त व्यक्तीच्या सद्गुणांस ऐहिक सुखाचे बक्षीस देणे म्हणजे त्या सद्गुणांस कमीपणा आणणे होय.

पहिले कारण इतिहासाला धरून आहे. कादंबरीतील प्रसंगांच्या अवघी चार वर्षे आधी, म्हणजे ११९० च्या मार्चमध्ये, आयझाकच्याच यॉर्क शहरात ज्यू लोकांवर जमाव चालून गेला. त्यांनी किल्ल्याच्या बुरुजाचा आश्रय घेतला आणि तेथे सुमारे दीडशे ज्यू प्राणांस मुकले. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण बरे म्हणून त्यांतील पुष्कळांनी स्वतःच जीवनाचा अंत केला. पुढे १२९० साली पहिल्या एडवर्ड राजाने त्या लोकांस देशाबाहेर घालविले. (त्याच धर्माचे बेने इस्रायल लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी ते घाणे बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यापलीकडे त्यांच्या धर्माचा बाऊ कोणी केला नाही.) स्कॉट लिहीत होते तेव्हाही ज्यूधर्मी इंग्रजास पार्लमेंटात बसता येत नव्हते, ते १८५८ साली शक्य झाले.

दुसऱ्या कारणात मात्र पळवाट दिसते. ऐहिक सुख हे इतके हीन असेल, तर ते रोवेनेच्या पदरात का घातले? तिच्या सद्गुणांस त्याने कमीपणा येत नाही काय? ग्रंथकर्त्याचे मनही येथे स्वच्छ नसावे. कारण कादंबरी संपविताना, आयव्हॅन्होस रिबेकेची आठवण रोवेनेस रुचली असती त्याहून अधिक वेळा होत असावी, असे त्यांनी हळूच सुचविले आहे.

इतिहासकारांच्या तक्रारी निराळ्या. सॅक्सन व नॉर्मन यांचे वैर रिचर्डच्या काळी इतके तीव्र राहिलेच नव्हते, असा आक्षेप फ्रीमन यांनी घेतला. ग्रॅनाडाचा राजा म्हणून बोअब्दिलचे नाव येते. तो तर तीनशे वर्षांनंतरचा. ह्या चुका खऱ्या आहेत. पण त्यांमुळे कोणा वाचकाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. ती उडाली रिबेकेमुळे.

तक्रार करणाऱ्यांपैकी एक वाचक स्वतःच मोठा कादंबरीकार होता. विल्यम थॅकरे यांनी 'रिबेका आणि रोवेना' ही विनोदी पुरवणी लिहिली. ती १८५० सालची. तीत रोवेना कजाग गृहिणी बनते. ज्यू स्त्रीशी विवाह करणार नाही, असे वचन ती मरतेवेळी पतीकडून घेते. अखेर आयव्हॅन्हो व रिबेका यांचा विवाह होतो. वचनही मोडत नाही, कारण तोपर्यंत रिबेका ख्रिस्ती झालेली असते. वाचकांची इच्छा पुरी झाली खरी; पण जिच्यासाठी ती इच्छा धरली होती, ती रिबेका त्या विवाहात उरली नाही. थॅकरे यांसही हे जाणवले असावे. त्या दोघांचे सुख उदासवाणे होते आणि ती फार काळ जगली नाहीत, असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

स्कॉट यांची रिबेका विवाहानंतर रोवेनेच्या भेटीस येते. आपले प्राण वाचविणाऱ्या आयव्हॅन्होचे आभार ती त्याच्या पत्नीजवळ मानते आणि रत्नांची पेटी पुढे करते. इंग्लंड सोडून ती पित्यासह ग्रॅनाडास निघाली आहे. येथेच राहा, आमचा धर्म स्वीकार, मी तुला बहिणीसारखी मानीन, असे रोवेना तिला विनविते. रिबेका नकार देते. वाडवडिलांचा धर्म तिला सोडावयाचा नाही. रोग्यांची सेवा करणे आणि भुकेल्यांस अन्न देणे, हे काम तिने स्वतःसाठी निवडले आहे. निरोपाच्या वेळी तिचा स्वर किंचित कापतो. तो का कापला हे कोणी विचारण्यापूर्वीच ती दालनाबाहेर पडते.