शर्यतीच्या सायकलची फ्रेम आणि स्वाराचे माप

सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला केवळ हवा दूर सारण्यासाठी सुमारे ३१ वॅट शक्ती खर्च करावी लागते. वेग ३० किलोमीटर झाला की हा खर्च १०४ वॅटपर्यंत चढतो, आणि ४० किलोमीटरला तो २४७ वॅट होतो. वेग दुप्पट झाला, की खर्च आठपट होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे कारण होय. वरील आकडे ०.३ चौरस मीटर रोध-क्षेत्र असलेल्या, म्हणजे हँडलवर बऱ्यापैकी वाकून बसलेल्या स्वाराचे आहेत. समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणक यांच्या गुणाकाराला येथे रोध-क्षेत्र म्हटले आहे.

या रोधापैकी साधारणपणे तीन चतुर्थांश भाग एकट्या स्वाराच्या शरीराचा असतो. उरलेल्या चतुर्थांशात चाके, हँडल, साखळी, पाण्याच्या बाटल्या आणि फ्रेम या सर्वांचा वाटा येतो. ‘एरो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींच्या नळ्या गोल नसून मागे निमुळत्या होत गेलेल्या असतात, केबली आत लपविलेल्या असतात, आणि या सर्व खटाटोपाचा परिणाम त्या शेवटच्या चतुर्थांशावरच काय तो होतो. समजा, उत्तम फ्रेममुळे रोध-क्षेत्र ०.०१ चौरस मीटरने घटले. तर ताशी ४० किलोमीटरला सुमारे ८ वॅट वाचतात आणि २५ किलोमीटरला अवघे २. उलट, ताठ हातांनी बसलेल्या स्वाराने कोपरे वाकवून पाठ खाली आणली, तर ०.०५ चौरस मीटरचा फरक सहज पडू शकतो. ४० किलोमीटरच्या वेगाला हा फरक सुमारे ४१ वॅटचा होतो.

सायकल शर्यतींच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार सिद्ध झालेली आहे. १९८९ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीच्या अखेरच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या साडेचोवीस किलोमीटरच्या टप्प्यास प्रारंभ झाला, तेव्हा अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने हँडलला पुढे आलेल्या दांड्या जोडल्या होत्या. त्यांवर कोपरे टेकून, हात एकमेकांजवळ घेऊन त्याने तो टप्पा पार केला आणि संपूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. चार वर्षांनी, १७ जुलै १९९३ रोजी, स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडून फ्रान्सेस्को मोझरचा १९८४ चा विक्रम मोडला. ओब्रीने आपली सायकल स्वतःच तयार केली होती आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसविले होते. तिचे खरे वैशिष्ट्य होते ते मात्र स्वाराच्या बैठकीत. हात छातीखाली दुमडून घेतल्याने वाऱ्यासमोर जणू ते उरतच नसत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९४ मध्ये या बैठकीवर बंदी घातली. ज्या गोष्टीवर बंदी घालावी लागते तिच्यात काही तथ्य असलेच पाहिजे, असे त्या वेळी अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

साध्या रस्त्यावरील शर्यतीसाठी, म्हणजे नेहमीच्या वाकड्या हँडलच्या सायकलीत, निमुळत्या नळ्या आणण्याचे काम २००० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी सर्व्हेलो या कॅनडातील कंपनीच्या ‘सोलोइस्ट’ने केले. २०११ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘व्हेंज’ आली, आणि त्याच वर्षी कोपनहेगन येथे मार्क कॅव्हेंडिशने तिच्यावरून जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुढे हलक्या आणि एरो या दोन जातींमधील अंतर कमी होत गेले. असे असले तरी दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकासमोरचा प्रश्न जुनाच आहे: या फ्रेमवर आपले शरीर वाकलेल्या स्थितीत किती वेळ राहू शकेल?

या प्रश्नाचे उत्तर फ्रेमवर छापलेल्या मापात सापडत नाही. पोलादी नळ्यांच्या काळात वरची नळी जमिनीला समांतर असे आणि सीटच्या नळीची लांबी हेच सायकलचे माप मानले जाई. त्यातही कोणी ती नळीच्या मध्यापर्यंत मोजी, तर कोणी वरच्या टोकापर्यंत. १९९० नंतरच्या दशकात माइक बरोज या इंग्रज रचनाकाराने जायंट कंपनीसाठी उतरत्या वरच्या नळीची फ्रेम प्रचारात आणली. सीटची नळी आखूड झाली आणि तिची लांबी व सायकलचे माप यांचा संबंध तुटला. तेव्हापासून एका कंपनीची ‘५४’ दुसरीच्या ‘५६’ एवढी असणे ही नित्याची बाब आहे.

तुलनेसाठी उपयोगी पडतात ती दोन मापे म्हणजे स्टॅक आणि रीच. पॅडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात, त्या आसाच्या मध्यापासून हेड-ट्यूबच्या, म्हणजे हँडल जिच्यात बसते त्या पुढच्या नळीच्या, माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक. याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर म्हणजे रीच. घरी असलेल्या सायकलीवरून ही मापे काढणे अवघड नाही. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करून मागचे चाक भिंतीला टेकवावे. भिंतीपासून दोन्ही बिंदूंपर्यंतची अंतरे मोजून त्यांची वजाबाकी केली की रीच मिळतो, आणि जमिनीपासूनच्या उंचींची वजाबाकी केली की स्टॅक.

वरच्या नळीची आडवी लांबी पाहण्याची पद्धत अद्यापही रूढ आहे, पण ती फसवी ठरू शकते. समजा, दोन फ्रेमींमध्ये ही लांबी ५५० मि.मी. आणि स्टॅक ५४० मि.मी. असा तंतोतंत सारखा आहे; केवळ सीटच्या नळीचा कोन एकीत ७३ अंश, तर दुसरीत ७४ अंश आहे. हिशेब केल्यास पहिलीचा रीच ३८५ मि.मी. येतो आणि दुसरीचा ३९५. पॅडलच्या संदर्भात सीट दोन्हींवर एकाच जागी ठेवली, तर दुसरीवर हात एक सेंटिमीटर अधिक पुढे न्यावे लागतात. कागदावर मात्र दोन्ही फ्रेमी एकाच लांबीच्या दिसतात.

आता प्रत्यक्ष निवडीचे एक उदाहरण घेऊ. एखाद्या स्वाराची जुनी, अंगवळणी पडलेली सायकल ५६५ स्टॅक आणि ३८५ रीचची आहे आणि तिच्यावर हँडलखाली एकही रिंग नाही. त्याला आवडलेल्या एरो फ्रेमचा स्टॅक ५४० आणि रीच ३९० मि.मी. आहे. हात पूर्वीच्या उंचीवर आणण्यासाठी हँडलखाली रिंगा घालाव्या लागतील. पुढची नळी ७३ अंशांत मागे कललेली असल्याने २५ मि.मी. उंची मिळविण्यास सुमारे २६ मि.मी. रिंगा लागतात, आणि तेवढ्याने हँडल जवळजवळ ८ मि.मी. मागेही सरकते. प्रत्यक्ष रीच म्हणून ३८२ उरतो. राहिलेले ३ मि.मी. कोणाच्याही लक्षात येणार नाहीत, तेव्हा ही फ्रेम चालेल. पण त्याच स्वाराला मुळातच ५० मि.मी. रिंगा हव्या असत्या, तर नव्या फ्रेमवर त्या ७५ मि.मी.च्या वर गेल्या असत्या. इतकी उंची घेण्यास सहसा कोणताही कारखाना परवानगी देत नाही, आणि वाऱ्यासाठी घडविलेल्या फ्रेमवर असा मनोरा उभारण्यात अर्थही नाही. अशा स्वाराने उंच स्टॅकची साधी फ्रेम घेऊन तिच्यावर कोपरे वाकवून बसणे कितीतरी शहाणपणाचे.

सीटची जागा आधी ठरते, हँडलची नंतर. हा क्रम उलटा करून, हात पोचत नाहीत म्हणून सीट पुढे ओढण्याची सवय दुकानांतही दिसते. तिच्यामुळे शरीराचा भार तळहातांवर येतो आणि मांडीचा पॅडलशी असलेला मेळ बिघडतो. सीट ७०० मि.मी. उंच असेल, तर नळीच्या कोनातील एक अंशाचा फरक सीटला सुमारे १२ मि.मी. पुढेमागे नेतो. गोल खांबाच्या सायकलीत असा फरक दुसरा खांब आणून भरून काढता येई. एरो फ्रेमचा खांब त्या फ्रेमपुरताच घडविलेला असतो आणि त्याचे एकदोनच प्रकार मिळतात. ते कोणते, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

हँडलच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. हँडल आणि त्याचा पुढे येणारा दांडा हे एकाच तुकड्यात ओतलेले असतील, तर रुंदी आणि लांबी एकमेकींशी बांधल्या जातात. केवळ दांडा १० मि.मी. आखूड हवा असला, तरी संपूर्ण तुकडा बदलावा लागतो. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या आतून नेलेल्या असल्यास त्या सोडवून पुन्हा तेल भरणे आले. हा खर्च थोडा नसतो. साधा दांडा पाच मिनिटांत बदलता येत असे, ही सोय या जातीच्या सायकलींनी घालविली आहे. विकत देतानाच योग्य मापाचा तुकडा बसवून देणारा दुकानदार मिळणे म्हणूनच महत्त्वाचे.

बुटक्या स्वारांची, आणि म्हणून पुष्कळ स्त्रियांची, अडचण वेगळी आहे. सर्वात लहान फ्रेमलाही सामान्यतः तीच मोठी चाके बसवितात. पाय वळताना पुढच्या चाकाला लागू नये म्हणून रचनाकार पुढची नळी अधिक कलती करतात. ७३ अंश कोन आणि चिमट्याचा पुढावा ४५ मि.मी. असताना, चाक जमिनीला टेकते तो बिंदू चाक वळविण्याच्या आसाच्या रेषेमागे सुमारे ५६ मि.मी. पडतो. कोन ७१.५ अंश केला की हे अंतर ६५ मि.मी. होते, आणि हँडल जड व मंद वाटू लागते. चांगले कारखाने लहान मापांसाठी अधिक पुढाव्याचा चिमटा देतात, तर काही सर्व मापांना एकच चिमटा लावतात. मापांच्या तक्त्यात ही ओळ शेवटी कोठेतरी असते आणि क्वचितच कोणी ती वाचतो.

इतकी आकडेमोड झाल्यावरही सायकलीवर बसून पाहणे चुकत नाही. हात ब्रेकच्या मुठींवर, कोपरे वाकलेली, हाताचा पुढचा भाग जवळजवळ जमिनीला समांतर, अशा स्थितीत वीस-पंचवीस मिनिटे नेहमीच्या जोराने पॅडल मारून पाहावे. मान आखडणे, गुडघे पोटाला लागणे किंवा श्वास अपुरा पडणे ही हँडल प्रमाणाबाहेर खाली असल्याची चिन्हे होत. हात आपोआप सरळ होऊन पाठ वर येऊ लागली, तर फ्रेमने वाचविलेले ८ वॅट त्याच क्षणी गेले आणि त्यांच्यासोबत आणखी पुष्कळ गेले. सराव वाढल्यावर पाठ अधिक वाकू लागते, म्हणून प्रारंभी एकदोन रिंगा ठेवून त्या महिन्यामहिन्याने काढीत जाणे सोयीचे असते. चिमट्याची नळी कापण्याचे काम मात्र त्यानंतरच करावे, कारण एकदा कापलेली नळी पुन्हा वाढविता येत नाही.