टायर दोन बदलायचे की चार? परिघाच्या सूत्रातून उत्तर



पावसाळ्याच्या तोंडावर वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात टायरच्या दुकानात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "दोनच बदलले तर भागेल ना?" साध्या गाडीचं दोनात भागतं. पण चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर बहुतेक वेळा भागत नाही. का भागत नाही, हे सातवी-आठवीतल्या मुलाला परिघाच्या सूत्रावरून सांगता येतं. वर्गात सोडवण्यासारखं हे उदाहरण आहे.

टायरच्या कडेवर २१५/६० आर १७ असं काहीतरी छापलेलं असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. १७ हा रिमचा व्यास, पण तो इंचात! (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. एकक न लिहिणाऱ्या मुलांना दाखवायला याहून चांगला नमुना नाही.) १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. त्यात वरचे आणि खालचे १२९ मिळवा, नव्या टायरचा व्यास आला ६८९.८ मिमी. π ने गुणलं की परीघ साधारण २१६७ मिमी.

आता झिजलेला टायर घेऊ. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिमी असते. ती ४ मिमी उरली, तर त्रिज्या ४ ने आणि व्यास ८ ने कमी झाला. परीघ उरला २१४२ मिमी. फरक अवघा २५ मिमी, बोटाच्या पेरभर. पण एक किलोमीटर जायला नवं चाक सुमारे ४६१.५ फेरे घेतं आणि झिजलेलं ४६६.९. लोणावळा ते पुणे ६५ किलोमीटर धरले, तर झिजलेल्या चाकाचे साडेतीनशे फेरे जास्त होतात. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा बदलतील, पण गोष्ट तीच राहते.

दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधलेली नसतात, म्हणून हे जादा फेरे कुणाला बोचत नाहीत. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये जोडणी असते. बऱ्याच गाड्यांत ती चकत्यांच्या क्लचची असते. चाक घसरलं की पुढच्या-मागच्या वेगात फरक पडतो, आणि त्यावरून क्लच आवळला जातो. पुढे नवे आणि मागे जुने टायर असले तर कोरड्या, सरळ रस्त्यावरसुद्धा तो फरक कायम राहतो. क्लच घासत राहतो, तेल तापतं. वाचवलेल्या दोन टायरच्या पैशांपेक्षा ती दुरुस्ती महाग पडू शकते.

किती फरक चालतो, ते गाडीच्या पुस्तिकेत बघावं. सुबारू या जपानी कंपनीचा दंडक प्रसिद्ध आहे: चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. २π ने भागलं तर नक्षीच्या खोलीतला फरक जेमतेम १ मिमी येतो. हा भागाकार मुलांना फळ्यावर करू द्या, आकडा बघून ती चकित होतात.

थारसारख्या गाडीचं गणित थोडं वेगळं. तिथे फोर व्हील आपण स्वतः टाकतो, एरवी फक्त मागची चाकं ओढतात. पण चिखलातून बाहेर आल्यावर कोरड्या डांबरावर फोर व्हील तशीच ठेवली, तर दोन्ही आस एकमेकांशी ओढाताण करतात. वळणावर स्टिअरिंग जड लागतं, ते त्यामुळेच.

चारपैकी एकच टायर फाटला तर काय? पवनानगरकडच्या रस्त्यांवर खड्डा पाण्याने भरला की त्याची कड दिसत नाही, आणि टायर कडेलाच कापला जातो. बाकीचे तीन फारसे झिजले नसतील तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक नवा चालतो. अर्धे झिजले असतील तर चारही. खिशाला जड आहे, मान्य. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करायची, म्हणजे चारही एकसारखे झिजतात. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिलाही फिरवायचं. हवासुद्धा सारखी हवी. आणि साध्या गाडीला दोनच नवे घातले तर ते मागे घालावेत. ओल्या घाटात मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं पुढची घसरलेली गाडी सावरण्यापेक्षा कठीण.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी हवी. खाचेत तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण आपल्याकडच्या पावसात तिथपर्यंत थांबू नये असं मला वाटतं. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. ३ मिमीच्या खाली ते नीट होत नाही आणि वेगातली गाडी पाण्यावर तरंगते. मुलांना सहलीला नेणारी गाडी ठरवताना आपण सीट मोजतो, तसे टायरही वाकून बघायला हवेत.

गृहपाठ असा द्या. पुठ्ठ्याची अरुंद पट्टी टायरच्या खाचेत उभी बुडवायची, रबराच्या कडेला पेनाने खूण करायची आणि मग मोजायचं. कंपासपेटीतली पट्टी थेट खाचेत घालू देऊ नका, तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो. घरच्या गाडीच्या चारही टायरची खोली आणि कडेवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी उभी असताना, हँडब्रेक ओढून आणि मोठं माणूस सोबत असतानाच हे करायचं.