ओळखीचे भांडवल आणि अर्जाची तयारी

जाहिरात, लेखी परीक्षा, गुणवत्ता यादी, जात पडताळणी आणि नियुक्तिपत्र ही सरकारी नोकरीची वाट आपल्या समाजाच्या आता पायाखालची झाली आहे. आज मात्र आपल्या शाळेचे अनेक विद्यार्थी संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांकडे वळत आहेत. तेथे आरक्षण नाही. शिवाय अनेक जागांसाठी तेथील कर्मचाऱ्यांनी सुचविलेल्या उमेदवारांचा आधी विचार होतो. ज्यांच्या घरात, शेजारात असे कर्मचारी आहेत, त्यांना ही ओळख वारशाने मिळते. आपल्या मुलांना ती कष्टाने उभी करावी लागते.

परिचय म्हणजे वशिला नव्हे

ओळख मागणे आपल्यापैकी अनेकांना कमीपणाचे वाटते. येथे इतिहासाकडे पाहावे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्यांनीच या विद्यार्थ्याची सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. कोलंबिया विद्यापीठातील प्रा. एडविन सेलिगमन यांनीही लंडनच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना बाबासाहेबांविषयी पत्र लिहिले होते. विद्वत्ता बाबासाहेबांची स्वतःची होती. परिचयाने केवळ दार उघडले. वशिला अपात्राला पुढे ढकलतो, तर परिचय पात्र माणसाला दाराबाहेर राहू देत नाही.

या दाराची गरज किती आहे, हे प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. त्यांनी समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठविले. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. म्हणून आडनावाआधी आपले काम पाहिलेला एखादा माणूस त्या कंपनीत असणे मोलाचे ठरते.

ओळख कशी वाढवावी

प्रारंभ आपल्याच माजी विद्यार्थ्यांपासून करावा. लिंक्डइनवर नीट माहिती भरलेले खाते उघडावे आणि आपल्या क्षेत्रातील दहा-बारा व्यक्ती निवडाव्यात. पहिल्याच पत्रात नोकरी मागू नये, माहिती मागावी. उदाहरणार्थ :

"दादा, जय भीम. मी आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. जावा आणि एसक्यूएल वापरून मी ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीची प्रणाली तयार केली आहे. आपल्या कंपनीत नवोदितांकडून कोणती तयारी अपेक्षित असते, हे समजून घ्यायचे आहे. सोयीनुसार पंधरा मिनिटे द्याल का?"

बोलणे झाल्यावर आभार मानावेत. त्यांनी सुचविलेले शिकून झाले की तसे कळवावे. विश्वास येथेच निर्माण होतो. पुढे योग्य जागा निघाल्यास तिचा क्रमांक, रिझ्युमे आणि आपण त्या जागेस पात्र का आहोत हे सांगणारी दोन वाक्ये पाठवावीत, म्हणजे समोरच्याला ती तशीच पुढे पाठविता येतील.

अर्जाची सामग्री

१. नवोदिताचा रिझ्युमे एका पानाचा असावा. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, छायाचित्र यांची त्यात आवश्यकता नाही.

२. अनेक ठिकाणी अर्ज प्रथम संगणकप्रणाली वाचते. म्हणून मांडणी साधी, एका स्तंभाची ठेवावी. जाहिरातीतील जी कौशल्ये आपल्याला खरोखर येतात, ती त्याच शब्दांत लिहावीत.

३. "मेहनती व प्रामाणिक" या विशेषणांनी काही सिद्ध होत नाही. अडचण कोणती होती, आपण स्वतः काय केले, कोणती साधने वापरली आणि परिणाम काय झाला, या चार गोष्टी प्रत्येक प्रकल्पाखाली लिहाव्यात.

४. गिटहबवर दोन-तीनच प्रकल्प ठेवावेत, पण ते पूर्ण असावेत. प्रत्येकासोबत तो काय करतो आणि कसा चालवावा, याची टीप असावी.

५. जे येत नाही ते लिहू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. सम्यक् वाचा रिझ्युमेलाही लागू आहे.

६. कोठे, केव्हा अर्ज केला आणि काय उत्तर आले, याची वही ठेवावी. नकार येतीलच, पण कोणत्या टप्प्यावर येतात हे पाहिले की सुधारणा कोठे करावी ते समजते. बोलावणेच येत नसेल तर रिझ्युमे आणि ओळखी तपासाव्यात. मुलाखतीत अडत असेल तर अभ्यास.

पालकांनी एक लक्षात ठेवावे : नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. मुलांना तयारीसाठी काही महिने द्यावेत. ते रिकामे बसणे नव्हे.

माजी विद्यार्थ्यांस

कल्याणमित्रांची संगत हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंदाने म्हटले, तेव्हा तो अर्धा नसून संपूर्ण धम्मजीवन आहे, असे तथागतांनी त्याला सांगितले. 'पे बॅक टू सोसायटी' म्हटले की आपल्याला देणगीची पावती आठवते. ती हवीच, परंतु एका मुलाचा रिझ्युमे वाचून त्यावर लाल शाईने खुणा करणे, त्याची सराव मुलाखत घेणे आणि पात्रता दिसल्यास त्याचे नाव आपल्या कंपनीत सुचविणे, हेही दानच आहे. नोकरीत असलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने वर्षाला दोन मुलांची जबाबदारी घ्यावी. इतरांना जे घरात मिळते, ते आपल्या मुलांना या शाळेच्या परिवारातून मिळाले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!