पाडव्याआधीचं शिवण

पोरी, चैत्राचे कपडे आतून शिवायचे असतात. थंडीत अंगात बनियन असतं, वर स्वेटर असतो, शिवण कुठे टोचते ते कळतही नाही. चैत्र-वैशाखात एकेरी सुती कापड आणि घामेजलेली कातडी, मध्ये काही नाही. घामोळं आलेल्या मुलाच्या काखेत जाड शिवण घासली की ते रात्रभर कुरकुरत राहतं आणि आपण त्याला पावडर लावत बसतो. म्हणून माझ्या सासूबाई कुणीही शिवलेला कपडा हातात घेतला की आधी उलटा करून पाहायच्या. तूही तीच सवय लाव. या पाडव्याला घरातल्या सगळ्यांचं तू शिवणार म्हणतेस, तर मला ठाऊक आहे ते सगळं सांगते. नीट ऐकून घे.

कापड महाशिवरात्रीच्या सुमारास घेऊन ठेव, होळीच्या आत भिजवून, वाळवून, इस्त्री करून घडी घाल. रंगपंचमीपासून पाडव्यापर्यंत दहा-अकरा दिवस मिळतात. कापड तयार असेल तर तेवढ्या दिवसांत सगळ्यांचं होतं. पण रंग खेळून घर पुसून झाल्याशिवाय पांढरी मलमल बाहेर काढू नकोस. दाराच्या कडीला, मोरीच्या काठाला रंग राहिलेला असतो, आणि तो एकदा मलमलीला लागला की जात नाही.

दुकानात कापड नुसतं डोळ्यांनी बघू नकोस. दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळ. पांढरी भुकटी पडली तर ते खळीने भरलेलं आहे, पहिल्या धुण्यात लुळं पडेल. उजेडाकडे धरून वीण सगळीकडे सारखी आहे का बघ. काठाचा एक धागा मागून घे आणि घरी जाळून पाहा. सुताचा असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर धागा वितळून टोकाला टणक मणी होतो. असलं कापड इस्त्रीला सोपं, टिकायला चांगलं, पण घाम पीत नाही. उन्हाळ्यात ते मला घरात नको. बाळाला मलमल, मुलींना वायल किंवा केंब्रिक, पायजम्याला पॉपलिन, आजोबांच्या बंडीला मांजरपाट किंवा धुऊन मऊ झालेली खादी घे. छापील फुलांचं असेल तर फुलांची तोंडं एकाच दिशेला आहेत का ते बघून ठेव, कापताना घोळ होत नाही.

आणि कापड कात्रीने कापून घेऊ नकोस, फाडून दे म्हण. साध्या विणीचं सुती कापड फाडलं की ते आडव्या धाग्यावरच फाटतं, टोक सरळ येतं. कात्रीने दिलेल्या तुकड्याचं टोक तिरकं असलं की आपले दोन-तीन इंच सरळ करण्यातच जातात.

आमच्या तरुणपणी गिरणीच्या कापडाच्या काठावर शिक्का असायचा. फिनले, खटाव अशी नावं असायची, आणि ‘सॅनफोराइज्ड’ असं छापलेलं असलं की ते आटणार नाही अशी खात्री. कारखान्यातच ते आटवून घेतलेलं असायचं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. आता आपल्याकडे येतं ते बहुतेक इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवरचं. कापड वाईट नाही, उलट इचलकरंजीचं केंब्रिक मला आवडतं. पण काठावर कुणाचा शब्द छापलेला नाही, म्हणून आटवायचं काम आपल्याकडे आलं. सुती कापड मीटरला तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेव, सकाळी न पिळता निथळत ठेव, सावलीत दोरीवर काठ सरळ ठेवून वाळव, थोडं दमट असतानाच इस्त्री कर. रंगीत कापड वेगळ्या बादलीत भिजव आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. कापडासोबत सुती लेस आणि नाडीही भिजव. हे बऱ्याच जणी विसरतात. मग पहिल्या धुण्यानंतर लेस आकसते आणि परकराचा घेर खालून गोळा होतो.

मापं घेताना पोरांना उभं करून टेप आवळू नकोस. छातीला टेप लावून आत दोन बोटं ठेव आणि त्यांना मोठा श्वास घ्यायला सांग. उन्हाळ्याच्या कपड्यात छातीला चार इंच सैल हवंच. छाती 24 असेल तर कपडा 28 चा काप. मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच खाली उतरव, काखेत हवा खेळते. शिवणीची माया अर्धा इंच ठेव, खादीला पाऊण इंच, कारण तिच्या दशा लवकर सुटतात. गळा मात्र आधी लहानच काप. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला परत येत नाही. कापला की लगेच कडेने बारीक धावदोरा घालून ठेव. गोलाईत धागा तिरका पडतो आणि नुसत्या हाताळण्याने गळा ताणला जातो. नंतर कितीही चांगली पट्टी लावलीस तरी तो उभा राहतो.

आता शिवणीचं, मी मघाशी म्हटलं ते. खांद्याला आणि बाजूंना दुहेरी शिवण घाल. कापडाची उलटी बाजू उलट्या बाजूला लावून, म्हणजे माया बाहेर दिसेल अशी, पाव इंचावर पहिली टीप मार. ती माया कात्रीने निम्मी कापून टाक, दशा राहू देऊ नकोस. कपडा उलटव, शिवण नखाने दाबून इस्त्री फिरव, आणि पुन्हा पाव इंचावर दुसरी टीप. कापलेली कड आत बंद झाली. बाहेरून साधी शिवण दिसते, आतून हात फिरवला तर नळीसारखी गुळगुळीत लागते. अर्ध्या इंचाची माया यातच पूर्ण वापरली जाते, म्हणून कापतानाच ती मोजून सोडायची. मुंढ्याच्या गोलाईला ही शिवण नीट बसत नाही, तिथे त्याच कापडाची सव्वा इंच रुंद उरेप पट्टी तिरकी कापून कडेवर बसव. पायजम्याच्या आसनाला वेगळी, चपटी शिवण हवी. तिथे ताण येतो आणि मांडीला घासतंही. एका बाजूची माया अर्धी काप, दुसरीची तिच्यावर दुमडून सपाट बसव आणि वरून टीप घाल. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. शेवटी एकदमच करू म्हणशील तर शिवण आतून वळलेलीच राहील.

बाही लावताना बाजू आधी शिवून घेऊ नकोस. खांदे जोडून झाले की कपडा सपाट पसरून बाही लाव, मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच टीप. छोट्या पोरांच्या कपड्यात गोल मुंढ्यात बाही बसवणं म्हणजे बोटं मोडून घेणं.

बाळाच्या झबल्याचं सगळं उलटं. तिथे शिवणी बाहेर येऊ दे, आतली बाजू कोरी. बघणारा काय म्हणेल हे मनात आणू नकोस, पहिल्या तीन महिन्यांत बाळाची कातडी फार नाजूक असते. नवी मलमल घेतलीस तरी चार-पाच वेळा धुऊन मगच काप. खरं तर आजोबांचं जुनं धोतर त्याहून चांगलं, ते आटायचं ते आटून गेलेलं असतं आणि पुष्कळ धुण्यांनी मऊ झालेलं असतं. बटणं नकोत, टिचबटणंही नकोत. पाठीवर किंवा बाजूला बंद लाव, पण आखूड, गाठ बसेल एवढेच. गळ्याला तर लांब बंद कधीच नको. आणि शिवून झालं की उजेडात धरून आतला एकेक सुटा दोरा कापून काढ. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजून काळंनिळं होतं, आणि बाळ का रडतंय ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. मोजे आणि हातमोजे शिवलेस तर ते तर उलटे करूनच तपास. टोपडं एकेरी कापडाचं कर. कुंची सुंदर दिसते, पण चैत्रात बारशापुरतीच घालावी.

मुलीच्या परकराचा हिशेब सांगते. सहा वर्षांच्या मुलीची कमरेपासूनची उंची 22 इंच धर. नेफ्याला 2 इंच, तळाच्या दुमडीला 4 इंच, झाले 28. छत्तीस पन्ह्याच्या कापडाचे असे दोन तुकडे जोडले की घेर सत्तरच्या आसपास येतो, कमरेच्या तिपटीहून जास्त. वायलीला एवढ्या चुण्या शोभतात. कापड लागलं 56 इंच, म्हणजे दीड मीटर घे, भिजवल्यावर बरोबर पुरेल. केंब्रिकसारखं दाट असेल तर घेर दुप्पटीवर आण, नाहीतर कमरेला वळकटी होते.

तळाची चार इंचांची दुमड हाताने तुरपून घे, मशीनची टीप मारू नकोस. पुढच्या वर्षी उसवायची आहे. त्याच्या वर आणखी दोन-तीन आडव्या प्लेटा घाल, अर्ध्या इंचाच्या. अर्ध्या इंचाची एक प्लेट सोडली की परकर एक इंच लांब होतो. म्हणजे उंची धरताना एका प्लेटेला एक इंच कापड वाढवून धर. या वयाची मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे दोन उन्हाळे आरामात निघतात. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते, कारण घडीच्या आतलं कापड विटलेलं नसतं. तिच्यावर बारीक लेस किंवा साखळीटाका घाल. पोलक्याच्या बाजूंच्या शिवणीत मात्र दुहेरी शिवण नको, तिथे साधी टीप घालून आत इंचभर माया ठेव आणि तिची कड दुमडून तुरप. मुली उंचीने वाढतात तशा छातीतही भरतात.

गुढीला लावलेल्या खणाचं पोलकं करायचं असेल तर कर, आपल्याकडे करतातच. गुळेदगुड्डचा खण असेल तर त्याचा पन्हा लहान असतो, आधी मांडून बघ. पण ते पोलकं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला संध्याकाळी घालायचं. दिवसभर घातलं की पोर हैराण होईल. आत मलमलीचं अस्तर लाव आणि काखेत मलमलीचे दोन अर्धगोल तुकडे कच्च्या टाक्यांनी बसव. घाम त्यांत जिरतो. ते काढून धुवायचे, म्हणजे खण दरवेळी पाण्यात घालावा लागत नाही. हीच युक्ती तुझ्या रेशमी ब्लाउजलाही कर.

आजोबांची बंडी समोरून पूर्ण उघडी ठेव. डोक्यातून कपडा घालताना त्यांचा खांदा दुखतो हे ते सांगणार नाहीत. बटणं मोठी, काजं थोडी ढिली, कारण बोटं आता वळत नाहीत. मापं त्यांना खुर्चीत बसवून घे, बसल्यावर पोट पुढे येतं आणि उभ्याने घेतलेल्या मापाची बंडी ताणते. खिसा बाजूला दे, हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर, गोळ्यांची पट्टी आणि चष्मा दोन्ही मावतील एवढा खोल. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे दोनदा फिरव, कारण फाटतो तो तिथूनच.

परकरासाठी जुन्या साड्या काढशील तेव्हा प्रत्येक साडी उजेडाला धरून विरलेला भाग शिंप्याच्या खडूने खुणव. बसण्याच्या ठिकाणी आणि निऱ्यांच्या तळाशी ती आधी विरते. पदराकडचा आणि आतल्या टोकाचा भाग बहुधा धड असतो. काठ परकराच्या तळाला येऊ दे, म्हणजे दुमडायची गरजच नाही. मात्र मग वाढवायला प्लेटाच काय त्या उरतात, म्हणून त्या जास्त घाल.

मशीनबद्दल थोडंच. मलमल-वायलीला 11 नंबरची सुई, पॉपलिनला 14, जाड खादीला 16. बोथट सुईने मलमलीत धागे ओढले जातात. सुई बदलायला कंजूषपणा करू नकोस, ती स्वस्त असते. टीप बारीक ठेव. मलमल सुईच्या भोकात ओढली जात असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेव आणि टीप झाल्यावर फाडून टाक. वर्तमानपत्र नको, शाई लागते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर दहा-बारा टिपा मार, मगच पांढरं कापड लाव. आणि कापडाची कात्री पोरांच्या हाती लागू देऊ नकोस. एकदा का तिने कागद कापला की मलमल चावायला लागते.

उरलेले तुकडे रंगाप्रमाणे बांधून ठेव. पाच-सहा इंचांचा प्रत्येक तुकडा त्या त्या कपड्याच्या नावाने चिठ्ठी लावून वेगळा ठेव. ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच कापडाचं लागतं, आणि ते कपड्याबरोबर एक-दोनदा धुऊन ठेवलेलं असलं तर रंगही जुळतो. पहिल्यांदा धुताना सगळे कपडे उलटे कर, सावलीत उलटेच वाळव. बाळाच्या कपड्यांना खळ घालू नकोस, आजोबांच्या बंडीला पातळ पेज चालेल.